गाठीची तेरवी

बाई, तुझ्या अंगावरची शेवटची जखम माझ्या हातची नव्हती, याचं मला अजून नवल वाटतं. जन्मभर आपण एकमेकींना ओरबाडलं, चावलं, मुसळानं ढोसलं, आणि शेवटी तुला मारून गेली कोण, तर पोटातली एक गाठ. तुझं अन् तिचं वैर ते कितीसं जुनं? चार-पाच वर्षांचं. माझं तर उभ्या जन्माचं. पहिला हक्क माझा होता.

किसन सकाळी म्हणाला, "नवी, मायबद्दल चार ओळी लिहून दे. उद्या तेरवीले लोकायपुढं वाचून दाखवतो." बसले लिहायला. माहेर अमुक, सासर किन्हीराजा, स्वभाव सोशिक, शांत. 'शांत' हा शब्द लिहून झाला आणि मला इतकं हसू फुटलं की दौत कलंडली. घरात सुतक, ओट्यावर माणसं बसलेली, अन् आत तुझी सवत तोंडात पदर कोंबून हसते आहे. तो कागद चुलीत घातला. हा दुसरा तुझ्यासाठी. तुला वाचता येत नव्हतं ते मला ठाऊक आहे. पण तू जिवंत होतीस तोवर मला तीन वाक्यं सरळ बोलू दिली नाहीस. आता तरी मधे तोंड घालू नको.

या घरात आले तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची होते, आणि जगात सगळ्यात शहाणी बाई मीच, अशी माझी पक्की समजूत होती. मंगरूळच्या शाळामास्तराची पोर ना! भांड्याकुंड्यांबरोबर पाटी-पेन्सिल घेऊन आलेली. आज ते ध्यान डोळ्यांपुढं आलं की वाटतं, कोणीतरी ती पाटी हिच्याच डोक्यात घालावी. तूच घातलीस. तुला मूल होईना म्हणून मालकांनी दुसरी केली. तू दारात उभी, हातात माझ्यावरून ओवाळून टाकायचा भाकरतुकडा, डोळे रडून सुजलेले. आणि हे ध्यान तुला काय म्हणालं? "बाई, तुम्हाला सही येते का? नसेल तर मी शिकवीन."

तू भाकरतुकडा टाकलास, माझ्या काखेतली पाटी उपसलीस आणि कपाळावर हाणलीस. पाटीचे तुकडे उंबऱ्यावर पडले. रक्त मळवटात मिसळलं. मालक बैल सोडायच्या निमित्तानं जे गेले ते दिवेलागणीलाच परतले. शहाणा माणूस. आपल्या दोघींच्या मधे ते कधी आलेच नाहीत.

"ये आता आत, नवे," तू म्हणालीस.

तेव्हापासून मी नवी. किसन माझ्या पोटचा, पण अंगावर पिऊन झाला की तू त्याला उचलून न्यायचीस. बोलायला लागला तेव्हा तुला माय म्हणाला आणि मला नवी. त्या दिवशी मी तुझ्या मनगटाच्या वर कडकडून चावले. तू मला विहिरीच्या कठड्यापर्यंत केसांनी फरफटत नेलंस. अकरा दिवसांमागं तुला शेवटची न्हाऊ घातली तेव्हा तो वण पाहिला. सगळं अंग आटून काटकी झालेलं, दातांचा वण तेवढा शाबूत. आज मला नातसून आहे, पण गाव मला नवीच म्हणतं.

लोकांना वाटायचं, या दोघी एक दिवस एकमेकींचा जीव घेणार. त्यांना दुसरं बाळंतपण ठाऊक नाही. रक्त थांबेना, मी थंड पडत चाललेली, सुईण हात जोडून बसलेली. तू तिला बाजूला ढकललंस आणि माझ्या गालफडात मारायला सुरुवात केलीस. एक डावीकडून, एक उजवीकडून. "मरून राह्यली काय व? माह्यासंग भांडन अर्धं टाकून? उठ! उठ नाई तं आनखी देतो!" मी उठले. पोर गेलं, मी राहिले. गाल कित्येक दिवस काळेनिळे होते. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणाले नाही. तूही मला म्हणायची संधी दिली नाहीस.

तुला रक्त जायला लागलं ते तू किती महिने लपवलंस, देव जाणे. मूळव्याध आहे म्हणालीस. वैदू आला, त्यानं लाल सळईनं कंबरेवर डाग दिला. तू हूं की चूं केलं नाहीस. त्यानं हात आवरता घेतला तशी त्याच्याच हातातली सळई ओढून घेऊन त्याच्या मांडीवर टेकवलीस. "पाह्य, कसं लागते थे." वैदू धोतर सावरत गल्लीतून पळाला, तो पुन्हा किन्हीराजाला दिसला नाही.

मग एक दिवस तुझं पोट ढोलासारखं फुगलं. खालून काही जाईना, वरून उलट्या. दमणी जुंपली, जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून नेली, आणि प्रत्येक खड्ड्याला तू बैलांच्या, गाडीवानाच्या आणि माझ्या बापाच्या नावानं शिव्या दिल्यास. तिथून रेल्वेनं अकोल्याला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, खालून बोट घालून पाहिलं, हात धुतले आणि मालकांना म्हणाले, "आतड्यात गाठ आहे. कापावी लागेल. जगेल की नाही, ते कापल्यावर सांगतो."

जगलीस. शुद्धीवर आल्या आल्या पहिली चपराक नर्सबाईला दिलीस, तेव्हाच मला कळलं, ही जगते.

पण त्यांनी तुझी खालची वाट शिवून बंद केली होती आणि पोटाच्या डाव्या अंगाला नवी वाट काढली होती. लाल, ओली, उघडी. डॉक्टर शांतपणे सांगत होते, "आता जे जायचं ते इथून जाईल. जन्मभर. कापूस ठेवायचा, फडक्यानं बांधायचं, धुवायचं."

तू पोटाकडं पाहिलंस. मग त्यांच्याकडं पाहिलंस. मग खाटेखालचं पितळी तसराळं उचलून भिंतीवर फेकलंस. ते माझ्या कानाजवळून गेलं.

"यापरीस मारून टाकलं असतं!"

डॉक्टर हलले नाहीत. म्हणाले, "मारायचं असतं तर कापायचे कष्ट कशाला घेतले असते?" तुला तो माणूस तिथंच आवडला. मला माहीत आहे, कारण त्यानंतर तू त्याला शिव्या कमी दिल्यास.

निघताना त्यांनी नीट समजावलं. "गाठ गेली म्हणजे आजार गेला असं समजू नका. कुठं कणभर राहिला असेल तर तो आज दिसत नाही. दर तीन महिन्यांनी या. पोट पाहीन, वजन करीन, या वाटेत बोट घालून पाहीन. पुन्हा डोकं काढलं तर लवकर कळलं पाहिजे." मी मान हलवत होते. तुझं लक्षच नव्हतं. तू एकाच गोष्टीवर अडून बसली होतीस.

"माही गाठ द्या."

"काय?"

"माह्या पोटात वाढली, माह्या भाकरीवर पोसली. तुमची कशी? मी मेल्यावर अर्धी किन्हीराजाले जळन अन् अर्धी अकोल्याले बरनीत राहीन, हे चालनार नाई."

दोन दिवस तू अन्न घेतलं नाहीस. शेवटी त्यांनी गाठ दिली. काचेच्या बरणीत, स्पिरिटात बुडवून, तोंडाला मेण लावून. गाडीत तू ती मांडीवर घेऊन बसलीस. समोरचा एक जण सारखा वाकून पाहत होता. "लोनचं हाय काय, बाई?"

"हो. देऊ फोड?"

मी हसले ती जऊळक्यापर्यंत हसतच होते. पोटाला टाके तुझ्या, आणि पोट धरून मी लोळते आहे.

गाठीचं दहन वावराच्या बांधावर केलं. गोवऱ्या रचल्या, तू मालकांच्या हाती काडी दिलीस. स्पिरिटाचा असा भडका उडाला की मालकांची एका अंगाची मिशी गेली. मालक अर्ध्या मिशीनं उभे, आणि तू टाळ्या पिटते आहेस, "जळ रांडे! जळ!" तुझा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. सासू मेली तेव्हाही इतका आनंद नव्हता तुला.

आणि मग तू जाहीर केलंस: गाठीची तेरवी घालायची. सगळ्या गावाला जेवण. वैरी मेला हे गावाला कळलं पाहिजे.

भटजींनी यायला नकार दिला. तू म्हणालीस, "मंतर नका म्हनू, नुसतं जेवा." आले. सगळे आले. करीमभाई पिंजारी, ज्यांच्याकडून तुझ्या वाटेवर ठेवायला पिंजलेला कापूस आणायचो, तेही लिंबाखाली पत्रावळ घेऊन बसले. "बडी बाई," ते म्हणाले, "दुस्मनाच्या नावानं जेवू घालनारी एक तुमीच पाह्यली." तू पंगतीतून ताठ मानेनं फिरत होतीस, कंबरेला पट्टा, हातात काठी, जशी काही लढाई मारून आलेली पाटलीण. वांग्याची भाजी माझ्याकडं होती. मी बायकांना लोणच्याची गोष्ट सांगत बसले आणि हसता हसता मीठ दोनदा पडलं. लोक भाजी खाऊन घागरभर पाणी पिऊन गेले. तू प्रत्येक पानापाशी थांबून सांगितलंस, "नवीनं केली हाय."

तेव्हा आपल्या दोघींना ठाऊक नव्हतं की तू तुझ्या पायात किती जड बेडी ठोकून घेतलीस.

आधी रोजचं सांगते, म्हणजे उद्या तुझी स्तुती करणाऱ्यांना नाही तरी तुला आठवेल. पहिले काही दिवस तू मला त्या वाटेला हात लावू दिला नाहीस. स्वतःच पाहायचं नाही आणि दुसऱ्यालाही पाहू द्यायचं नाही. कातडी सोलवटली, घाण पट्ट्याखाली साचली, घरभर वास. एका सकाळी मी दार लावलं, तुझ्या मांड्यांवर बसले आणि पट्टा सोडला. तू तांब्या माझ्या पाठीत घातलास. मी धुतलं. तू पुन्हा घातलास. मी कोरडं केलं, खोबरेल लावलं, कापूस ठेवला, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. उठले तेव्हा माझी पाठ सुजली होती आणि तू भिंतीकडं तोंड करून म्हणालीस, "पट्टी ढिली बांधली. शाळामास्तराच्या पोरीले गाठ मारता येत नाई."

दुसऱ्या दिवशी तांब्या जवळ नव्हता. तूच सरकवला होतास.

पुढं आपण त्या वाटेचं नाव जऊळका ठेवलं. गाडी कधी येईल याचा नेम नाही म्हणून. पाहुणे बसलेले असायचे आणि तू सुपारी कातरता कातरता म्हणायचीस, "नवे, जऊळक्याले गाडी आली." मी उठायची. पाहुणे विचारायचे, कोण येऊन राह्यलं? आणि आपण दोघी आत जाऊन हसून हसून मरायचो. इतक्या वर्षांत आपण दोघी मिळून पहिल्यांदा कशावर हसलो असू, तर त्या भोकावर.

तीन महिने झाले. मी दमणी जुंपायला सांगितली. तू ओट्यावरून हलली नाहीस.

"कोठी?"

"अकोल्याले. डॉक्टरनं बोलावलं हाय. तपासून घ्याले."

"कोनाले तपासाले? जिची तेरवी झाली तिले? गाव जेवून गेलं व. आता मी दवाखान्याले गेली तं लोक म्हनतीन, बुढीनं फुकट जेवन घातलं, मुडदा अजून जितांच हाय."

हीच ती बेडी. मी तुला हरळीची आठवण करून दिली. हरळी खणून काढल्यावर सगळा गाव निर्धास्त झोपायचा. तू पाऊस पडून गेला की वावरात वाकून बांधाबांधानं फिरायचीस, कुठं हिरवी टोकं दिसतात का म्हणून. तुझ्याच वावरात हरळी का नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणाले, "बाई, हे तसंच हाय. खनलं, आता वाकून पाहा लागते."

"वावराची तेरवी केली होती काय मी?"

पुढच्या खेपेला मी तुला जऊळक्यापर्यंत नेलं. मालकांच्या मावसबहिणीकडं जातो म्हणून नेलं. गाडी दिसताच तुला कळलं आणि तू फलाटावर बसकण मारलीस. मी अंबाडा धरून ओढलं. तू माझ्या पोटरीत नख रुतवलंस. गार्ड शिट्टी वाजवतोय, मास्तर हिरवी झेंडी हातात घेऊन तोंड उघडं टाकून पाहतोय, आणि दोन म्हाताऱ्या धुळीत लोळताहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षं घरात केलेली तालीम त्या दिवशी लोकांना दाखवली. गाडी गेली. आपलं बोचकं, त्यातला कापूस, पट्ट्या, दशम्या, सगळं गाडीत आधीच चढवलेलं होतं. ते एकटं अकोल्याला जाऊन आलं.

आणि त्यानंतर तुला नेलं ते जोरानं नाही. तू लसूण सोलत होतीस. मी सहज म्हणाले, "डॉक्टर म्हनत असन, थे बुढी मेली. माहा हात कच्चा पडला."

लसूण थांबला. "कोन मेली?"

"दाखवाले कोनी येत नाई, मंग तो काय समजन?"

"दाखवतो त्याले!" आणि तू स्वतः दमणीत जाऊन बसलीस.

डॉक्टरांनी वजन केलं, पोट दाबलं, जऊळक्यात बोट घातलं. तू त्यांना विचारलंस, "काय सापडलं? नथ हरवली होती माही." ते हसले. म्हणाले, "सध्या काही नाही. पण येत राहा."

पहिलं वाक्य तू ऐकलंस. दुसरं तुझ्या कानात शिरलंच नाही. परतताना सगळ्या डब्याला तू माझी ओळख करून दिलीस: ही माझी सवत, हिला मला मारायची घाई झाली आहे, डॉक्टर म्हणाला काही नाही. त्यानंतर मी जुंपायचं म्हटलं की तू म्हणायचीस, "एकदा पाह्यलं ना?" मी भांडले. भांडी आपटली. एकदा मालकांसमोर रडले. मालक उठून गोठ्यात गेले. तू आली नाहीस.

दसऱ्यापासून जऊळक्याचं धुणं-बांधणं तू स्वतःच करायला लागली होतीस, मला आत येऊ देत नव्हतीस. यंदाच्या संक्रांतीच्या आसपास कापूस आणायला मी गेले होते. करीमभाई कापूस पिंजायची धनुकली थांबवून म्हणाले, "बडी बाईले आजकाल रुई लय लागून राह्यली. परवाच पोट्ट्याच्या हातून नेली, त्याच्या आधी बी नेली. तब्येत ठीक हाय ना?"

मी घरी आले. तू ओट्यावर बसली होतीस, चांगली भरलेली, रुंद. शेजारची म्हणत होती, बाई, तुमी तं अंगानं भरल्या. मी तुला हाताला धरून आत नेलं, कडी लावली आणि काही न बोलता तुझ्या लुगड्याला हात घातला. तू माझ्या तोंडावर बुक्की मारलीस. ओठ फुटला. मी लुगडं फाडलं, चोळीची गाठ तोडली. बाई, कापूस निघाला. पाठीवर, पोटावर, काखेत, थरावर थर, फडक्यांनी बांधलेला. मी तो ओढत होते आणि तो घरभर उडत होता, चुलीवर, देवांवर, आपल्या केसांत. आणि सगळा कापूस निघाल्यावर आत तू. फासळ्या. खांद्यांची हाडं. नुसती तू.

मी तुझ्या गालात मारली. हो, मारली. आजाऱ्याला मारली.

"काहून लपवलं? काहून?"

तू कापसात बसून राहिलीस. "दुखते," म्हणालीस. "बसाच्या जागी दुखते. तीन-चार महिने झाले."

"मंग बोलली काहून नाई? लोक हसतीन म्हनून? हसू दे ना! मरू दे लोकाले!"

"लोकायचं कोनाले पडलं व?" तू माझ्या ओठाचं रक्त तुझ्या फाटक्या पदरानं पुसलंस. "तू हसशील."

बाई, मी हसले नाही. आपण दोघींनी मिळून घरभरचा कापूस गोळा केला.

डॉक्टरांनी या खेपेला जास्त वेळ पाहिलं नाही. उजव्या बरगडीखाली हात ठेवला, मला हात ठेवायला सांगितला. दगड. "खाली परत आली आहे आणि यकृतापर्यंत पोचली आहे. आता कापण्यासारखं नाही."

"आंधी आनलं असतं तं?" मी विचारलं.

ते हात पुसत म्हणाले, "लवकर दिसली असती तर कदाचित काही करता आलं असतं. कदाचित नसतंही. खोटं सांगणार नाही."

मी त्यांच्या मेजावर मूठ आपटली. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर तुझ्या उरावर बसून तुला जाब विचारता आला असता. 'नाही' म्हटलं असतं तर गप्प बसता आलं असतं. 'कदाचित' घेऊन माणसानं काय करावं? हे भांडण अर्धं राहिलं आहे, बाई. मी म्हणते, यायला हवं होतंस. दर तीन महिन्यांनी, तेरवी गेली चुलीत. तू म्हणशील, आले असते तरी मेलेच असते. कोण खरं, ते तुला आता कळलं असेल. मला कळायचा मार्ग नाही.

बाहेर बाकावर तू मला कोपरानं ढोसलंस. "त्याच्यावर कायले चिडते? चूक तुही हाय."

"माही?"

"भाजी खारट केली ना तू. पाहुनी तेरवीतून अर्ध्या पोटी उठली. मंग वापस येनार नाई तं काय करन?"

दवाखान्याच्या त्या बाकावर आपण दोघी इतक्या मोठ्यानं हसलो की नर्सबाई बाहेर आल्या. मग तू हसता हसता कळवळून वाकलीस, आणि मी तुला धरलं.

पुढचे महिने मला लिहायचे नाहीत, पण सोडलं तर तू म्हणशील, नवीनं कामचुकारपणा केला. वेदना आली की तू माणूस राहत नव्हतीस. अफूची गोळी उतरली की तुझे डोळे पांढरे व्हायचे, तू भिंतीवर डोकं आपटायचीस, जवळ येईल त्याला लाथ मारायचीस. सुना भ्यायच्या. किसन दाराबाहेर उभा राहून रडायचा. मी तुझ्याजवळ उशी नाही, स्वतःला ठेवायची. मार म्हणायची. इतकी वर्षं मारलं, आता कशाला लाजतेस? तू मारायचीस. प्रत्येक खेपेला जोर कमी झालेला असायचा, आणि मला त्याचाच राग यायचा. "हे काय मारनं झालं?" मी ओरडायची. "मुंगी चावली काय मले?"

एका दुपारी तू माझं मनगट तोंडाशी ओढलंस आणि चावलीस, जिथं मी तुला चावले होते तिथंच. सगळा जीव एकवटून चावलीस. मी हात तसाच ठेवला. तू दमून सोडलास आणि पाहिलंस.

"उमटलं?"

"हो," म्हणाले. "चांगलं उमटलं."

नव्हतं उमटलं, बाई. तुझ्या दातांत काही राहिलंच नव्हतं. मी दोन दिवस उन्हात नेऊन पाहत होते.

गेलीस तीही भर दुपारी. श्वास थांबतो आहे हे दिसल्यावर मी तुझ्या गालावर मारलं, एक डावीकडून, एक उजवीकडून. "उठ! भांडन अर्धं टाकून कोठी जाऊन राह्यली? उठ व बाई!" किसननं माझे हात धरले. त्याला वाटलं, मला वेड लागलं. ते मारणं कोणाचं होतं, ते त्याला काय माहीत. माझ्यावर तेव्हा लागू पडलं होतं. तुझ्यावर नाही पडलं. मला तुझ्याइतकं चांगलं मारता आलं नाही.

कुंकवासकट आधी कोण जाणार, यावरून आपली पैज होती. जिंकलीस. हिरव्या चुड्यानं गेलीस, मालकांनी स्वतः उठून तुला कुंकू लावलं. ते नाकावर सांडलं. मी पुसलं नाही. बरी दिसत होतीस. भांडखोर.

सुना म्हणतात, तुमी आता बसा, उद्याचा स्वयंपाक आमी करतो. वरण करा म्हटलं, पोळ्या करा, बुंदी पाडा. वांग्याला हात लावायचा नाही, ती भाजी मीच करणार. ती पाहुनी खारट भाजी खाऊन अर्ध्या पोटी उठली आणि परत आली. हे माझं नाही, तुझं म्हणणं आहे. गाव नावं ठेवील, करीमभाई लिंबाखाली घागर मागतील, मालक दोन घास खाऊन गोठ्यात निघून जातील. जाऊ दे.

मिठाचं गाडगं मी आत्ताच चुलीपाशी आणून ठेवलं आहे, बाई. उद्या दोन्ही मुठींनी टाकणार आहे.